नव्या काचेवरची साय

माझा रंग मुळात दुधासारखा होता, हे आज शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही. तीस वर्षांच्या उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने माझं सिलिकॉन जुन्या तुपासारखं पिवळं पडलं आहे. पट्टा तीनदा बदलून झाला. डाव्या कडेला एक चीर गेली आहे, तिच्यातून पाणी झिरपतं. काच मात्र देवाच्या कृपेने अजून निर्मळ आहे. मित्रांनो, मी पाण्याखाली घालायचा एक जुना मास्क आहे. डोळे आणि नाक झाकणारा, एकाच गोल काचेचा. कोरियातल्या आमच्या जेजू बेटावर ज्या बायका समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढतात, त्या मला ‘मोठा डोळा’ म्हणतात.

म्हाताऱ्या वस्तूंना ऐकणारं कुणी भेटलं की त्यांचं बोलणं लांबतं. मी तसं करणार नाही. एकाच हिवाळ्याची गोष्ट सांगतो. त्या हिवाळ्यात माझ्यामुळे एका बाईचं मन मोडता मोडता राहिलं.

माझा जन्म बुसान शहराजवळच्या एका कारखान्यात झाला. साच्यात सिलिकॉन ओतलं, तापवलं, निववलं. त्यात काच बसवली, चौकट आवळली आणि मला पेटीत घातलं. त्या बंद पेटीत एक गोष्ट घडते, जी कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. नव्या सिलिकॉनमधून हळूहळू तेलाचा अंश सुटतो आणि काचेच्या आतल्या बाजूवर जाऊन बसतो. दुधावर साय धरावी तसा, फक्त ही साय इतकी पातळ की काच वरून चकाकतच राहते. ती घासून काढल्याशिवाय नवा मास्क पाण्यात नेऊ नये. माझ्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या कागदावर हे बारीक अक्षरांत छापलेलंही होतं.

मला विकत घेतलं ग्योंगहोने. तो संत्र्यांची खोकी बोटीवर चढवून बुसानला न्यायचा आणि रिकाम्या हातांनी परत यायचा. त्या खेपेला तो मला घेऊन आला, आपल्या बायकोसाठी. तिचं नाव सोलमी, माहेरची शिम. ती होती दूरच्या डोंगराळ मुलखातली. लहानपणी तिने पाहिलेलं सगळ्यात खोल पाणी म्हणजे गुडघाभर ओढा. अशा मुलीला समुद्रात बुडी मारायची होती, आणि त्याला कारण होती तिची सासू.

सासूचं नाव ओकदान, माहेरची बू. वय अडुसष्ट. जमिनीवर ही बाई शब्द मोजून खर्च करायची. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पण लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात सोलमी एकदा किनाऱ्यावर डबा घेऊन गेली, तेव्हा ओकदान नुकतीच पाण्याबाहेर आली होती. केसांतून पाणी निथळत होतं, पाठीवर जाळीची जड पिशवी होती, आणि ती बरोबरच्या बायकांशी काहीतरी बोलून पोट धरून हसत होती. सोलमी डबा हातात धरून उभीच राहिली. हे हसू जिथून येतं तिथे आपल्यालाही जायला मिळावं, एवढंच तिच्या मनात आलं.

पण आमच्या गावात वाटेल त्याने उठून बुडी मारायची पद्धत नाही. वर्षभर उथळ पाण्यात शिकायचं. मग वसंतात, वाऱ्याच्या आजीची, म्हणजे आमच्या वाऱ्याच्या देवीची पूजा येते त्याच्या आधी, सगळ्या बायकांनी शेकोटीभोवती बसून ठरवायचं, ही आपली की नाही. एकीने जरी नकाराने मान हलवली तरी विषय संपला. सोलमीचं वर्ष त्या वसंतात भरत होतं.

आणखी एक रीत होती. शिकणाऱ्या मुलीला घरातली थोरली बाई आपला वापरलेला मास्क देते. काळ्या रबराचा, जड, वर्षानुवर्षं हात फिरून मऊ झालेला. नव्या कोऱ्या मास्कने कुणी सुरुवात केल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं. ओकदानकडे असे दोन मास्क खुंटीला होते. उन्हाळा गेला, शरद गेला, तिने एकही खाली काढला नाही. सोलमीने मागितलाही नाही. पोरांच्या पोहण्याच्या चष्म्यावर भागवत राहिली.

ग्योंगहोने मला पेटीतून काढलं तेव्हा ओकदान चुलीपाशी बसली होती.

“हे काय आणलंस?”

“मास्क आहे, आई. सोलमीसाठी. नव्या पद्धतीचा. तोंडाला रुतत नाही म्हणे.”

“दूधभातासारखा दिसतो.”

“काळा असता तर चालला असता का?”

“माझं चालायचं काय आलंय त्यात? पैसे तुझे, बायको तुझी.”

“खुंटीवरचा एखादा दिला असतास तर पैसे माझेच राहिले असते.”

पेटीतून माझा कागद खाली पडला होता. ओकदानने तो उचलला, चुरगळला आणि चुलीत सारला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. कोरडा कागद दिसला की चुलीला द्यायचा, ही आयुष्याची सवय. मी आपला पाहत राहिलो. ज्या ओळी तिच्या सुनेला हव्या होत्या त्यांच्यावर भाताचं पाणी उकळलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही निघालो. किनाऱ्यावर जाताना वाटेत काळ्या दगडांच्या बांधावर रानदवणा उगवतो. तुम्ही देवाला दवणा वाहता, त्याचाच हा भाऊबंद. प्रत्येक बाई जाताजाता त्याची मूठभर पानं खुडते. पाण्यात उतरण्याआधी ती पानं काचेवर आतून रगडायची, हिरवा रस सगळीकडे फिरवायचा आणि समुद्राच्या पाण्यात एक हिसडा द्यायचा. मग काचेवर वाफ धरत नाही. त्यांच्या आयांनी हेच केलं, आज्यांनी हेच केलं, आणि काळ्या रबराच्या मास्कना तेवढं पुरतही होतं. सोलमीने इतरांचं बघून तसंच केलं. पानं रगडली, विसळलं, पट्टा डोक्यामागे ओढला, आणि मोठा श्वास घेऊन डोकं खाली घातलं.

मी तिच्या डोळ्यांपुढे पांढरा पडदा ओढला.

मला तसं करायचं नव्हतं. पण त्या तेलकट सायीवर रस धरलाच नव्हता. विसळताच ओघळून गेला होता. तिच्या चेहऱ्याची ऊब आणि बाहेरचं गार पाणी यांच्यामध्ये मी होतो. वाफेचे बारीक थेंब काचभर उभे राहिले. तिला ना तळ दिसला, ना स्वतःचे हात.

ती वर आली. शेजारीच वॉलसन काकू आपल्या तरंग्याला धरून दम घेत होती. ही बाई साठीची, जिभेने तिखट, आणि गावात कुणाचं काय चाललंय हे त्या माणसाच्या आधी तिला कळायचं.

“काय गं डोंगरवाली, काय दिसलं खाली?”

“धुकं, काकू.”

“म्हणजे माहेरीच जाऊन आलीस की.”

बायका हसल्या. सोलमीही हसली. नव्या मास्कचा पहिला दिवस होता, हसण्यासारखंच होतं.

पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि आठव्या दिवशीही. डोकं खाली घातलं की दहा आकडे मोजेपर्यंत काच पांढरी. मग वर यायचं, मास्क काढायचा, विसळायचा, पुन्हा घालायचा. इतरांच्या दहा बुड्या होत तेव्हा हिची एक धड होत नसे. बायकांच्या पिशव्या शंखांनी भरायच्या. हिच्या पिशवीत चार शंख आणि शेवाळाचा गुंता.

त्या बायकांची प्रमुख होती पिलसुन मावशी. सत्तरीची, संथ, आवाज कधी न चढवणारी. एकदा शेकोटीजवळ कपडे बदलताना तिने सोलमीला जवळ बसवलं.

“पोरी, तू खाली गेल्यावर नाकातून श्वास सोडतेस का?”

“नाही, मावशी. मी तोंड-नाक बंद ठेवते.”

“तुला वाटतं ठेवतेस. घाबरलेल्या माणसाला कळत नाही. नाकातून ऊब सुटते आणि ती काचेवर दिसते. मास्क खोटं बोलत नसतो.”

हे ती मायेने बोलली, म्हणूनच ते सोलमीला जास्त लागलं. वॉलसनच्या टोमण्याला उत्तर देता येतं. मायेने सांगितलेल्या खोट्याला कुठून देणार? आणि ते खोटं माझ्याच नावावर सांगितलं जात होतं. ओकदान तिथेच बसून पायातली वाळू झटकत होती. तिने मान वर केली नाही.

त्या हिवाळ्यात सोलमीने काय केलं नाही ते विचारा. दुप्पट पानं रगडली. कुणी म्हणालं म्हणून काचेवर थुंकून बोट फिरवलं. कोमट पाण्याने धुतलं, गार पाण्याने धुतलं, माझ्यावर फडकं फिरवून मला आरशासारखं लख्ख केलं. फडक्याने ती साय निघत नाही, नुसती पसरते. मी पुन्हा पांढरा.

एकदा घरी परतताना ती ग्योंगहोला म्हणाली, “मला वाटतं मी घाबरत नाही. पण मास्क म्हणतो घाबरते. मग खरं कुणाचं?”

“मास्क कुठे काय म्हणतो? म्हणतात त्या बायका.”

“त्यांनी उभा जन्म पाण्यात काढलाय.”

“मग दुसरा मास्क आणू का? पुढच्या खेपेला?”

“नको.” थोडं चालून झाल्यावर ती म्हणाली, “दुसऱ्यातही धुकं आलं तर मग मी स्वतःला काय सांगू?”

त्या दिवसानंतर ती समुद्रावर गेली नाही. मला तिने परसातल्या फळीवर ठेवलं, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. दोन आठवडे मी तिथे होतो. माझ्यावर धूळ बसली, एक कोळी येऊन गेला. वस्तूला दुर्लक्ष सोसवतं. ज्याच्यासाठी आपण आलो त्याला आपल्यामुळे मान खाली घालावी लागली, हे मात्र सोसवत नाही.

मग नववर्ष जवळ आलं. आमच्याकडे त्या दिवशी पूर्वजांपुढे जेवण मांडतात, आणि ते काशाच्या वाट्यांतच मांडायचं असतं. चार दिवस आधी ओकदानने वाट्यांची टोपली परसात आणली, कौलाचा बारीक भुगा आणला, पेंढ्याच्या जुड्या वळल्या आणि सुनेला समोर बसवलं. दोघी घासत होत्या. ऊन होतं, बोलणं नव्हतं.

सोलमीने एक वाटी घासून बाजूला ठेवली.

“ही झाली?” ओकदानने विचारलं.

“झाली, आई. चकाकते आहे की.”

“चकाकली म्हणजे झाली असं कुणी सांगितलं तुला? पाणी ओत तिच्यावर.”

सोलमीने पालथ्या वाटीवर तांब्यातलं पाणी ओतलं. पाण्याचे थेंब झाले आणि जागोजागी फुगून उभे राहिले.

“बघ. अजून तेलकट आहे. आता ही बघ माझी.” ओकदानने आपल्या वाटीवर धार धरली. पाणी अख्ख्या वाटीवर एकसारखं पसरलं, जणू वाटीला ओली कातडीच आली. “स्वच्छ भांड्यावर पाणी अंग टाकून पसरतं, घरच्यासारखं. तेलकटावर गोळा होऊन बसतं, पाहुण्यासारखं. डोळ्यांना नाही कळत. पाण्याला कळतं.”

सोलमीचा हात थांबला. तिने फळीकडे पाहिलं. मग ती उठली, ओल्या हातांनीच तिने मला खाली काढलं, धूळ फुंकली, मला उताणं धरलं आणि माझ्या काचेच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी सोडलं.

थेंब झाले. फुगून उभे राहिले.

“आई, हा मास्क नवाच आहे ना?”

“तुझ्या नवऱ्याने तर नव्याचेच पैसे मोजले.”

“मग नव्याला तेल कुठून लागलं?”

ओकदानने मान पुढे करून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग हात पुढे केला. “आण इकडे. भुग्याने घासून देते. एका घटकेत निघेल.”

“नको, आई. ओरखडे पडतील.”

“चाळीस वर्षं घासतेय. एका वाटीवर ओरखडा दाखव.”

“वाटीवर पडला तरी चालतो. वाटीत वाढायचं असतं, या काचेतून बघायचं आहे.”

लग्नानंतरच्या तीन वर्षांत सुनेने सासूला ‘नको’ म्हटल्याचा हा पहिला दिवस असावा. ओकदानने हात मागे घेतला, पेंढ्याची जुडी उचलली आणि पुढची वाटी ओढली. पण तिचं लक्ष माझ्याकडे होतं, ते मला दिसत होतं. बघणं हेच तर माझं काम.

सोलमी मोरीतून टूथपेस्टची नळी घेऊन आली. भुग्याहून मऊ आणि साबणाहून खरखरीत असं घरात दुसरं काही नव्हतं. तिने आधी मला पुसून पूर्ण कोरडं केलं. मग बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन काचेवर आतून लहान लहान वर्तुळं काढायला सुरुवात केली. मध्यातून कडेकडे, कडेवरून पुन्हा मध्ये. काच आणि सिलिकॉन जिथे भेटतात त्या खाचेत तिने नखाने नाही, कापडाच्या कोपऱ्याने पेस्ट फिरवली. गारेगार, झोंबणारा वास येत होता. पेस्ट वाळत आली की पुन्हा थोडी. मग भरपूर पाण्याने धुतलं आणि तोंड उघडून माझ्यावर ऊन श्वास सोडला.

काचेवर वाफ धरली, पण सगळीकडे नाही. धुक्यात मध्येच उन्हाचे कवडसे पडावेत तशा दोन-तीन जागा स्वच्छ राहिल्या. तिने त्या जागा बघितल्या आणि ओठ दातांखाली दाबला. मग पुन्हा पेस्ट. पुन्हा धुणं. पुन्हा श्वास. तिसऱ्या वेळेला अर्धी काच स्वच्छ झाली. चौथ्या वेळेला पेस्टचा जाड थर देऊन तिने मला तसंच झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलं. पाचव्यांदा घासल्यावर तिने श्वास सोडला आणि काच जशीच्या तशी राहिली. पाणी ओतलं, ते काचेवर अंग टाकून पसरलं.

“आई.”

“दिसतंय मला,” ओकदान म्हणाली. “आता त्या वाट्या पूस. पूर्वज तुझ्या मास्कमध्ये जेवणार नाहीत.”

सण झाल्यावर पहिल्या ओहोटीला सोलमी समुद्रावर आली. वाटेत तिने बांधावरची पानं खुडली, कारण साय काढली म्हणून रानदवण्याचं काम संपत नाही. उलट आता कुठे ते सुरू होतं. या वेळी रस काचेला धरून राहिला. तिने श्वास घेतला, डोकं खाली घातलं आणि पाय वर करून सरळ उतरली.

मित्रांनो, तोवर मी समुद्र पाहिला नव्हता. माझ्याच वाफेमागे तोही लपला होता. खाली काळे खडक होते, त्यांच्यावर तपकिरी शेवाळ पिकासारखं डुलत होतं, आणि वरून उन्हाच्या तिरप्या रेघा तळापर्यंत पोचत होत्या. एक निळसर मासा आमच्याकडे पाहून वळला. देवाने हे सगळं कुणी बघत नसतानाही रोज असंच मांडून ठेवलेलं असतं, हे कळून मला लाजल्यासारखं झालं. सोलमीने आपला हात डोळ्यांसमोर धरला, बोटं हलवली आणि पाहिली. मग ती वर गेली. वर आल्यावर या बायका साठलेला श्वास शीळ घातल्यासारखा सोडतात. तिची शीळ त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाजली.

पिशवीत त्या दिवशी वीस शंख होते.

“आज माहेरी गेली नाहीस वाटतं,” वॉलसन म्हणाली.

सोलमीने सगळ्यांना सायीची गोष्ट सांगितली. बायकांनी मला हातोहात फिरवलं, वास घेतला. नव्याला घासावं लागतं हे कुणाला पटलं, कुणाला नाही. पिलसुन मावशी म्हणाली, “असेल. काच साफ झाली, छान झालं. पण एका दिवसाने वर्ष भरत नाही, पोरी. आजी यायच्या आधी अजून एक मोठी ओहोटी आहे, पुनवेची. ती बघू, मग बसू.”

वाऱ्याची आजी दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तिथीला येते. ती बेटावर असते तोवर कुणी बुडी मारत नाही. म्हणजे सोलमीच्या हातात ती एकच मोठी ओहोटी उरली होती.

त्या दिवशी पाणी गार आणि स्वच्छ होतं. बायका किनाऱ्यापासून दूर, मोठ्या खडकाकडे गेल्या. सोलमी एकामागून एक बुड्या मारत होती. शंख थोडेच मिळत होते; वेळ जात होता, आणि ते तिच्या हालचालीत कळत होतं. बुडी थोडी लांबत होती, वरचा दम थोडा आखूड होत होता. मग एका बुडीत, परत फिरण्याच्या बेतात असताना, खडकाच्या कपारीखाली आम्हाला तो दिसला. अबालोन. खडकाला चिकटून बसणारा शिंपला, ताटलीएवढा. असा एक घेऊन जी बाई वर येते, तिच्याबद्दल शेकोटीभोवती कुणी काही विचारत नाही.

मला तो जितका स्वच्छ दिसला तितकाच तिला. त्याच्या कडेची काळी झालर हळूच हलत होती. तिच्या मनगटाला दोरीने एक चपटी लोखंडी पट्टी बांधलेली होती. ती शिंपल्याखाली सारून एका झटक्यात उचलायची असते. झटका चुकला तर शिंपला पट्टीसकट खडकाला आवळून बसतो आणि मनगट तिथेच अडकतं. तिने हात पुढे केला. पट्टीचं टोक कवचाला लागलं. तेवढ्यात तिच्या छातीत पहिला हिसका बसला, श्वास संपल्याचा. मला तो तिच्या कपाळावर जाणवला.

काच स्वच्छ होती. वर्षभराचं उत्तर वीतभर अंतरावर होतं.

तिने पट्टी मागे घेतली, पाय खडकाला लावले आणि वर निघाली.

वर आल्यावर ती बराच वेळ तरंग्यावर डोकं टेकून होती. पुन्हा खाली जायचा विचार केला तोवर ओहोटी फिरली होती, प्रवाहाने आम्हाला बाजूला नेलं होतं, आणि पिलसुन मावशीने परतायची हाक दिली होती.

शेकोटीभोवती पिशव्या ओतल्या गेल्या. वॉलसनने सोलमीच्या पिशवीकडे पाहिलं.

“आठ शंख. एवढ्या लख्ख काचेतून एवढंच दिसलं होय?”

“अबालोन दिसला होता, काकू. मोठा होता.”

“मग कुठाय?”

“श्वास संपला होता. सोडून आले.”

“असे मोठे मोठे आम्हाला पण दिसतात,” वॉलसन म्हणाली, “श्वास संपल्यावर.”

दोघी-तिघी हसल्या. सोलमीने मला मांडीवर घेतलं आणि पुसलेली काच पुन्हा पुसायला लागली. पिलसुन मावशी विस्तवाकडे बघत होती. ती आता काय बोलणार, त्याची सगळ्या वाट बघत होत्या. तेवढ्यात ओकदान बोलली.

“होता तिथे.”

सगळ्या वळल्या. ओकदान हातमोजे पिळत होती.

“मी वरून बघत होते. माझ्या वितीहून मोठा होता. हिची पट्टी लागली होती त्याला. मागे घेतली हिने.” तिने मोजे दगडावर वाळत टाकले. “खुंटीला दोन मास्क असून मी हिला एकही दिला नाही. का ते कुणी विचारलं नाही मला. ही पोर आल्यापासून सगळ्यांना दाखवून द्यायला निघाली आहे. खाली काही दाखवून द्यायला गेलेलं माणूस वर येत नाही. माझी धाकटी बहीण तशीच गेली. तिचं पण पहिलंच वर्ष होतं. सापडली तेव्हा पट्टी कवचाखाली आणि मनगट पट्टीच्या दोरीत.”

शेकोटीत एक लाकूड खचलं. वॉलसनने ते पुढे सारलं आणि मान खाली घातली.

“मग तुझं काय म्हणणं आहे, ओकदान?” पिलसुन मावशीने विचारलं.

“माझं काय म्हणणं असणार? वर आली ना ती.”

पिलसुन मावशीने सगळ्यांवरून नजर फिरवली. वॉलसनपाशी ती थोडी थांबली.

“माझ्याकडे काय बघतेस?” वॉलसन म्हणाली. “मी थट्टा करते. ‘नाही’ कधी म्हटलं?”

आणि ती उठून सोलमीच्या पिशवीतले आठ शंख आपल्या हाताने टोपलीत मोजायला बसली.

पंधरा दिवसांनी आजीला निरोप द्यायची पूजा झाली. किनाऱ्यावर मांडव होता, भात, मासे, संत्री मांडलेली होती. गाऊन कथा सांगणारी पुजारीण आली होती. ढोलक आणि झांज तिच्या मागे. सकाळपासून ती वाऱ्याच्या आजीची कथा लावत होती. आजी कुठून निघाली, कोणत्या खडकावर बसली, शेवाळाचं बी कसं पेरलं, शंखांचं बी कसं पेरलं. गाता गाता मध्येच थांबून साधं बोले, बायकांना हसवी, डोळे पुसायला लावी आणि पुन्हा सुरात शिरे. देवाची गोष्ट गाऊनच सांगावी, असं मला त्या दिवसापासून वाटत आलं आहे. बोललेली गोष्ट कानापाशी थांबते.

मग नावं आली. तुम्ही संकल्प करताना नाव-गोत्र सांगता ना, तसं ती एकेका घरातल्या बुडी मारणाऱ्या बाईचं नाव आणि वय गाऊन समुद्रापुढे ठेवते. ही नावं घरातली थोरली बाई आधीच तिच्या कानात सांगून ठेवते. सोलमी मागे सगळ्यांसाठी रस्सा वाढत होती. मी तिच्या पिशवीत होतो.

“बू ओकदान,” पुजारीण गात होती, “अडुसष्ट सरून एकोणसत्तर. तिच्या घरची सून, शिम सोलमी, वय तीस. मोकळ्या श्वासाने खाली ने, मोकळ्या श्वासाने वर आण.”

ढोलकावर थाप पडली आणि ती पुढच्या घराकडे गेली. सोलमीच्या हातातली पळी तशीच राहिली. पुढे ओकदान हात जोडून उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. ओकदान आता नाही. सोलमी अजून बुडी मारते, दुसऱ्या मास्कने. माझ्या चिरेतून पाणी येतं म्हणून तिने मला सावलीत खुंटीवर टांगलं आहे. बुडीहून आल्यावर ती अजून मलाही गोड्या पाण्याने धुते, सवयीने. गावात कुणी नवा मास्क आणला की आधी तिच्या परसात येतो. ती घाई करू देत नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी असा मास्क घेतलात तर त्याला पहिल्या दिवशीच पाण्यात नेऊ नका. पेटीतला कागद वाचा, जाळू नका. काच आतून मऊ पेस्टने घासा, एकदा नाही, चार-पाचदा. ओरखडा पडेल असं काही वापरू नका. वापरून झाल्यावर गोड्या पाण्यात बुडवा, उन्हात टाकू नका. एवढं केलंत तर आम्ही पुष्कळ वर्षं सोबत करतो. आणि तरीही कुणाच्या डोळ्यांपुढे वाफ धरली, तर त्या माणसाला भित्रं म्हणायच्या आधी आमच्याकडे एकदा नीट बघा. त्या हिवाळ्यात सोलमी घाबरली नव्हती. एकदाही नाही. तिच्या श्वासाच्या सगळ्यात जवळ मी होतो, म्हणून हे मी सांगायला हवं.